चुन्याचे ठिपके

अंजनगाव सुर्जी, ६ जानेवारी १९३८

डॉक्टरीणबाईंनी सांगितले आहे, रोजच्या रोज लिही. तारीख, रक्त गेले का, किती गेले, पोट दुखले का. वहिनीला लिहिता येत नाही, म्हणून हे काम माझ्याकडे आले. त्यांनी एवढेच लिहायला सांगितले होते, पण ज्या वहीत खरे लिहायचे तिच्यात निम्मेच लिहिले तर मला ते बोचत राहील. म्हणून सगळे लिहिते. घरात वाचणारे माझ्याशिवाय कोणी नाही, तरी पेटीला कुलूप लावून किल्ली गळ्यात घातली आहे.

काल अकोल्याला शकुनवहिनीला कडी बसवली.

वहिनीला सव्विसावे चालू आहे. सहा बाळंतपणे झाली, तीन मुले आहेत. गेल्या श्रावणात सहाव्या वेळी इतके रक्त गेले की गोदाबाई सुईण हात जोडून बाजूला झाली. अमरावतीच्या डॉक्टरांनी तेव्हा दादाला सांगितले, पुन्हा दिवस राहिले तर ही बाई वाचायची नाही. दादा म्हणाला, "देवाच्या हातचं हाय." मग मला अमरावतीत, मी शिक्षिका होण्यासाठी शिकते त्या नॉर्मल स्कूलच्या एका बाईंकडे डॉ. माणिकबाईंचे, दिवस राहू नयेत म्हणून बसवायच्या कडीचे पत्रक मिळाले. त्या वर्षभर जर्मनीत शिकून आल्या आहेत आणि अकोल्यात जठारपेठेत त्यांचा दवाखाना आहे. पत्रक मी दिवाळीत आमच्या विड्याची पाने लावायच्या खोलीत वहिनीला हळू आवाजात वाचून दाखवले. आई पलीकडे करंड्या धूत होती.

अकोल्याला जायला निमित्त काय काढावे या काळजीने माझी झोप गेली होती. पण परवा आई आपणहून म्हणाली, "सत्यभामेनं नातीच्या बारशाले पानं मांगितले. तुमी दोघीच नेऊन द्या. मले गाडी लागते." आम्ही छोट्या गाडीने मूर्तिजापूरला आणि तिथून अकोल्याला गेलो. सत्यभामामावशीने करंडी पाहून डोळे मोठे केले. बारसे महिन्यापूर्वीच झाले होते आणि तिने पाने मागवलीच नव्हती. आईची काहीतरी गल्लत झाली. आमचे मात्र नशीब.

कडी म्हणजे चांदीच्या बारीक तारेचे गोल वेटोळे. अंगठीहून थोडी मोठी, दाबली की लवते. गर्भाच्या पिशवीत राहते. बसवताना वहिनीने माझे मनगट धरले होते. नखांच्या खुणा अजून आहेत. झाल्यावर म्हणाली, "झालं? पान खुडायले याच्याऊन जास्त येळ लागते."

डॉक्टरीणबाईंनी बजावले, कडी जागची हलू शकते. पडूही शकते, आणि पडलेली बाईला कळतेच असे नाही. महिन्याने तपासायला आणायचेच.

आता जे लिहायला नको वाटते ते. कागदावर एक प्रश्न होता, पतीची संमती आहे काय? बाईंनी मला विचारले. मी म्हणाले, "आहे." त्यांनी तसे लिहून घेतले. मी आयुष्यात लेखी खोटे पहिल्यांदा बोलले.

९ जानेवारी

रक्त चार दिवस, बेताचे. वहिनीच्या म्हणण्याप्रमाणे दुखले नाही.

वहिनी बाहेर बसली आहे. आमच्या पानमळ्यात बाहेर बसलेल्या बाईने पाऊल टाकायचे नसते, वेल जळतात म्हणतात. मला शाळेत वेगळे शिकवले आहे, पण मीही त्या चार दिवसांत मळ्यात जात नाही. जावेसे वाटले तरी पाय उचलत नाही. म्हणून आमच्या घरात कोणती बाई कधी बाहेर बसली हे शेजारपाजारलाही कळते. हे वेळेआधी कसे, असे आई विचारील म्हणून मी उत्तर तयार ठेवले होते. आई एवढेच म्हणाली, "बस आरामानं." आई इतकी मऊ कधी बोलत नाही.

दादा आजही मळ्यातल्या खोपीत झोपायला गेला. श्रावणापासून आई त्याला घरी झोपूच देत नाही. "रानडुकरं येऊन रायले, सूर्यभान." आमच्या मळ्यात रानडुक्कर आलेले मी तरी पाहिले नाही. आई पोटच्या मुलाशी एवढी कठोर का वागते कळत नाही.

१३ जानेवारी

परवा मला अमरावतीला परत जायचे आहे. दर शुक्रवारी बाबा पानांच्या करंड्या तिथल्या बाजारात नेतात आणि माझ्यासाठी पन्नास पानांचा एक विडा, म्हणजे जुडी, वसतिगृहावर देतात. मी आणि वहिनीने ठरवले, आठवड्यात जितके दिवस रक्त जाईल तितकी पाने तिने उलटी लावायची. दुखले तर पानाचा देठ मोडायचा.

"आन् मेली तं?" वहिनी म्हणाली.

"वहिनी!"

"तं पानंच येनार नाई, तवा समजून जा." आणि ती हसत सुटली. मला हसू आले नाही. मी तिला सगळे तीन वेळा पुन्हा म्हणायला लावले.

अमरावती, २८ जानेवारी

मागच्या शुक्रवारी पन्नासही पाने सरळ. आजही सरळ. एकही देठ मोडलेला नाही. वहीत लिहिले, रक्त नाही, दुखले नाही. मन निवांत व्हायला हवे. त्याऐवजी बालमानसशास्त्राच्या तासाला बाई फळ्यावर वर्तुळ काढत होत्या आणि मला ते सरकताना दिसले.

४ फेब्रुवारी

चार पाने उलटी. वेळेवर. देठ साबूत.

११ फेब्रुवारी

सगळी सरळ. डॉक्टरीणबाईंचे पत्र आले. महिना उलटला, आणले का नाही? मळ्यात वेल उतरवणे सुरू आहे. वर्षातून एकदा जुने वेल खाली घेऊन त्यांची वेटोळी मातीत पुरतात. त्या दिवसांत घरातले एकही माणूस मोकळे नसते. हे त्यांना काय लिहू? दोन दिवसांसाठी घरी जाते.

अंजनगाव, १३ फेब्रुवारी

वहिनी उतरली आहे. गालाची हाडे दिसतात. मी काल आल्यापासून विचारते आहे. दुखते का, कुठे दुखते, ताप येतो का, काही पडल्यासारखे वाटले का. सकाळी चुलीपाशी विचारले, दुपारी विहिरीवर विचारले. शेवटी तिने हातातले भांडे खाली ठेवले.

"पडली ते."

"काय?"

"तुमची कडी. गेल्या सोमवारी. बाहेर बसली होती ना मी, पाटावर धुनं धुयाले गेली, तं पडली. वाहून गेली पान्यात."

"तू पाहिलीस? डोळ्यांनी?"

"हो ना बाई, पायलं. चमकली."

"पण ११ तारखेची पाने सगळी सरळ होती."

"घाईत भुलली मी. आता सोडा ना मले, सत्तीबाई. भाकरी जळून रायली."

कडी पडली हे वाईटच, कारण आता तिला काहीच आडोसा नाही. पण भलत्या जागी गेलेली नाही. मी देवघरात जाऊन रडले. आज रात्री झोप लागेल असे वाटते.

अमरावती, २४ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाईंचे उत्तर: "तिने हातात घेऊन पाहिली का? तू पाहिलीस का? नसेल तर क्ष-किरणांनी पोटाचा फोटो काढावाच लागेल. दुसरी कडी त्याशिवाय बसवणार नाही."

मी उलट टपाली कळवले की वहिनीने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आहे, ती खोटे बोलणारी नाही, आणि परीक्षा झाल्यावर घेऊन येते. पत्र पेटीत टाकल्यावर मला वाटले, 'खोटे बोलणारी नाही' हे लिहायची काय गरज होती?

४ मार्च

पाने चार उलटी. देठ सगळे धड.

अंजनगाव, १७ मार्च, धुळवड

बाहेर लोक रंग खेळत आहेत. मी घाईने लिहिते आहे. उद्या पहाटेच्या गाडीने अकोला.

परीक्षा संपवून काल आले तेव्हा वहिनी आतल्या खोलीत पांघरूण घेऊन पडली होती. अंग तापलेले. पोटाला हात लावू देत नाही. उजवीकडे वर, बरगडीच्या खाली. "काई नाई, वारं हाय," म्हणते. मी गोदाबाईला बोलवावे की काय अशी दारात उभी होते, तेवढ्यात आईने हाक मारली.

"कधी पडली मनते ते?"

"काय, आई?"

"जे पडलं मनते ते. माघातल्या सोमवारी ना? इकडं ये."

तिने मला पाने लावायच्या खोलीत नेले आणि दार ओढून घेतले. दाराच्या मागे, भिंतीवर, चुन्याचे ठिपके होते. ओळीच ओळी. मी त्या खोलीत लहानाची मोठी झाले, पण दार नेहमी भिंतीला टेकलेले असते. एक ओळ म्हणजे एका बाजारापासून दुसऱ्या बाजारापर्यंत. एक रांग वहिनीची, एक माझी. ज्या दिवशी बाई बाहेर बसली त्या दिवशी ठिपका. मळ्यात कोणी चुकून जाऊ नये म्हणून आई हे लग्न होऊन आल्यापासून करते म्हणे. तिला शंभरापुढे मोजता येत नाही.

"हा सोमवार," तिने बोट ठेवले. "दिसते ठिपका? नाई. चार रोज झाले, नहाली, मळ्यात आली. सोमवारी सकाऊनपासून माह्यासंगं वेल उतरवत होती. बाहेर असती तं मी तिले वेलाले हात लावू देला असता? पाटावर गेलीच नाई ते."

"मग ती माझ्याशी..."

"तू इचारू इचारू जीव खाल्ला तिचा, मनून."

ठिपक्यांच्या मधे गेरूच्या आडव्या रेघा होत्या. मी विचारले. आई म्हणाली, "ज्या दिशी पोट धरून बसली त्या दिशीच्या." पहिली रेघ संक्रांतीची. नंतर जवळजवळ दर आठवड्याला एक. मार्चमध्ये रोज. त्या प्रत्येक तारखेला माझ्या वहीत लिहिले आहे, दुखले नाही.

मी वहिनीपाशी जाऊन बसले. "वहिनी, पडली नाही ना?"

ती छताकडे पाहत म्हणाली, "नाई. तुमच्या डोयाखाली किती कायं झालं होतं. मनलं, इले परीक्षा तं देऊ द्या."

"आणि देठ?"

"देठ मोडलं का पान लवकर सडते, बाई."

आईला कडीचे कोणी सांगितले हे मला कळलेले नाही. वहिनी मुलांच्या डोक्यावर हात ठेवून म्हणते, मी नाही.

अकोला, १९ मार्च

आई आमच्याबरोबर आली. वाटेत तिला गाडी लागली नाही. वहिनीचे डोके मांडीवर घेऊन ताठ बसली होती.

एका खाजगी दवाखान्यात यंत्राने फोटो काढला. डॉ. माणिकबाईंनी तो खिडकीच्या उजेडात धरला. हाडे धुरकट दिसत होती आणि त्यात ती कडी, पांढरी, स्वच्छ, कोणी खडूने काढल्यासारखी. बाईंनी फोटोवर खाली बोट ठेवले. "ही इथं असायला हवी." आणि मग बोट उजवीकडे वर, जवळजवळ वीतभर नेले. "इथं आहे. पिशवीत नाही. पिशवीची भिंत भेदून पोटात गेली आहे."

मी विचारले, माझ्यामुळे का? महिन्याने आणले असते तर?

"लवकर कळलं असतं. पण बसवतानाच ती भिंतीत रुतली असणार. सहा बाळंतपणांनी भिंत पातळ झाली होती. ते मला ओळखायला हवं होतं." त्यांनी फोटो खाली ठेवला. मग म्हणाल्या, "पहिल्यांदा कधी दुखलं? तुझ्या वहीत असेल."

मी वही उघडली नाही. मला तोंड वर करता येईना. आईच बोलली.

"संक्रांतीच्या दिशी, बाई. वेलाच्या बुडाशी बसली होती. मंग आठ रोजानं पुन्हा. मंग बाजाराच्या आदल्या दिशी. कोरडीच बसे, रक्त नसे. पाळी हर महिन्याले येळेवर."

"म्हणजे दिवस राहिलेले नाहीत, नक्की?"

"नाई. मी ठिपक्यायच्या मधल्या जागा मोजल्या हायेत."

डॉक्टरीणबाईंनी आईचा शब्दन् शब्द लिहून घेतला. परवा मोठ्या सर्जनकडून पोट उघडायचे. आतड्याला चिकटली नसेल तर सोपे आहे, म्हणाल्या. चिकटली असेल तर काय ते मी विचारले नाही.

२० मार्च

दादा आला. शस्त्रक्रियेच्या कागदावर त्याचा अंगठा पाहिजे. कडी काढताना नळ्याही बांधून टाकता येतील, म्हणजे पुन्हा कधी दिवस राहायचे नाहीत, त्यालाही त्याचीच संमती लागते. मी ओसरीत त्याला कागद वाचून दाखवला. मग जानेवारीतला कागदही मागून घेतला आणि तोही वाचला. 'पतीची संमती: आहे.'

"हे मी सांगितलं, दादा. खोटं सांगितलं."

दादाने बराच वेळ पागोट्याचे टोक बोटाला गुंडाळले. "मले पुसलं असतं तं मी नाई मनलं असतं."

"हो."

"मनून पुसलं नाई."

"हो."

"मंग आता काहून पुसून रायली?"

आई आतून बाहेर आली, दादासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "सूर्यभान, आठ महिने तुले खोपीत झोपवलं. जलमभर झोपवू का?"

त्याने आईकडे पाहिले. मला वाटले तो रागाने उठून जाईल. त्याने अंगठा पुढे केला. शाई मी लावली.

मला कळत नाही, या वेळी आईने खोपीचे का काढले.

२१ मार्च

आत नेले तेव्हा वहिनी म्हणाली, "सत्तीबाई, आता काई इचारू नका. मी झोपून रायली." दोन तास दहा मिनिटे लागली. कडी आतड्याच्या पडद्याला चिकटलेली होती. पांढऱ्या वाटीत ठेवून बाईंनी दाखवली. काळी पडली होती, एका बाजूने चेपली होती. एवढीशी. आईने वाटी हातात घेतली, पाहिली, परत दिली. नळ्याही बांधल्या.

२४ मार्च

ताप १०३. इंजेक्शने चालू आहेत. डॉक्टरीणबाई दिवसातून चार वेळा येतात. मी तापाचे आकडे दर तासाला लिहिते. स्वतः काच पाहून लिहिते. कोणाला विचारून नाही.

वहिनी मेली तर ती माझ्या परीक्षेसाठी मेली असे होईल. हे मी आईला सांगितले. आई म्हणाली, "चूप बस. पानी आन."

२५ मार्च

१०३. संध्याकाळी १०४.

२६ मार्च

सकाळी १०३. दुपारी १०१. पेज मागितली. दोन चमचे घेतली.

२७ मार्च

९९.४. वहिनीने आईला विचारले, मळ्यात कोण आहे? आई म्हणाली, "वेल हायेत." वहिनी हसायला गेली आणि टाके दुखून रडली. मी बाहेर येऊन नळाखाली तोंड धुतले. किती वेळ धुतले ते लिहिले नाही.

अंजनगाव, १५ एप्रिल

घरी आलो. वहिनीला पायऱ्या चढायच्या नाहीत, घागर उचलायची नाही. दादाने तिची बाज अंगणात चिंचेखाली टाकली आणि कोणी न सांगता घागरी भरल्या. शेजारची सुभद्राकाकू कुंपणावरून म्हणाली, "काहून वो पार्बताबाई, सुनीले काय झालं होतं?"

"पोटात गाठ होती. चांदीची निघाली," आई म्हणाली. सुभद्राकाकू हसली. तिला ती थट्टा वाटली.

३० एप्रिल

परवा आखजी, अक्षय्यतृतीया. आई दरवर्षी आखजीला पाने लावायची खोली शेणाने सारवते आणि भिंतीवरचे सगळे ठिपके जातात. मी तिला म्हटले, एक दिवस थांब, मला उतरवून घ्यायचे आहे.

सकाळपासून दाराच्या मागे बसून ओळीने उतरवते आहे. माझ्या जुन्या नोंदी खोडल्या नाहीत. त्यांच्यासमोर लाल शाईने भिंतीवरचे लिहिले. संक्रांत, दुखले. २२ जानेवारी, दुखले. २७ जानेवारी, दुखले. पानांचे विडे सगळे सरळ होते त्या दिवसांचे.

माझ्या नोंदींच्या अगदी सुरुवातीला, ५ जानेवारीच्या जागी, भिंतीवर ठिपका नव्हता. चुन्याचे एक लहानसे गोल होते. आतून मोकळे, अंगठीहून जरा मोठे. इतर खुणांसारखेच जुने, कडेने पापुद्रे सुटलेले.

आई शेण कालवत होती. मी विचारले, "आई, हे काय आहे?"

तिने मान वर केली नाही. "तुमी अकोल्याले गेलत्या ना त्या दिशी. गाडीचं चाक काढलं."

मी लिहून घेतले: ५ जानेवारी, अकोला, गाडीचे चाक.

"झालं का लिहून?"

"झालं."

आईने पदर खोचला आणि वरून खाली भिंत सारवायला घेतली. वहिनी बाजेवरून उठून दारात आली होती, भिंतीला टेकून उभी राहिली. मी आज तिला काही विचारले नाही. एकदाच विचारले. ती म्हणाली, "नाई दुखत," आणि आईकडे पाहिले. आईने मान हलवली, तेव्हा मी ते लिहिले.

किल्ली गळ्यातून काढून कोनाड्यात ठेवली आहे. आता ही वही खरी आहे.